केसाएवढ्या थराची गोष्ट

(राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



विज्ञान दिनाचे व्याख्यान आणि वक्ता कलाशाखेचा पदवीधर, हा योग थोडा विचित्रच म्हणावा लागेल. मी शास्त्रज्ञ नाही. शास्त्रज्ञांना प्रश्न विचारून त्यांची उत्तरे वाचकांपर्यंत पोहोचविणे, एवढाच माझा आजवरचा व्यवसाय. तेव्हा आज मी आपल्यासमोर उभा आहे तो जाणकार म्हणून नव्हे, तर एक चूक करून त्यातून काही शिकलेला पत्रकार म्हणून. ती चूक आधी सांगतो.

वीसएक वर्षांपूर्वी एका औद्योगिक वसाहतीत निकेलचा मुलामा देणाऱ्या एका छोट्या कारखान्यात गेलो होतो. मालकांचा मुलगा नुकताच अभियंता झाला होता. त्याने मुलाम्याच्या टाकीची प्रतिकृती संगणकात तयार केली होती. टाकीतले द्रावण कसे फिरते, निकेल कोठे भरपूर पोहोचते आणि कोठे कमी पडते, हे पडद्यावर लाल, पिवळ्या, निळ्या रंगांत दिसत होते. मी थक्क झालो. परत येऊन मोठा लेख लिहिला. चित्र चार रकान्यांत छापले. टाकीतील दोष संगणकाने शोधला आणि आता मुलामा सर्वत्र सारखा बसणार, असे ठामपणे लिहून टाकले.

आठवड्याभरात एक पोस्टकार्ड आले. निवृत्त रसायनशास्त्र शिक्षकांचे. त्यावर दोनच वाक्ये होती. 'चित्र सुंदर आहे. मोजले कोणी?'

त्या दोन शब्दांच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. ते शोधताना जे समजले, तेच आजचे व्याख्यान आहे. विद्युत्-रासायनिक संयंत्रात द्रव कसा वाहतो, त्यातील पदार्थ कसा वाहून नेला जातो आणि संगणक त्याचे गणित कसे मांडतो, हा आपला विषय. 'रिअ‍ॅक्टर' म्हटले की आपल्याला अणुभट्टी आठवते. येथे तिचा संबंध नाही. ज्या पात्रात विजेच्या साहाय्याने रासायनिक बदल घडविला जातो, ते विद्युत्-रासायनिक संयंत्र. मुलाम्याची टाकी हे त्याचे सर्वांत साधे रूप.

गाभाऱ्याच्या दाराशी

शाळेत आपण विद्युत् अपघटन शिकलो. द्रावणात दोन पट्ट्या बुडवायच्या, एक धनाग्र आणि दुसरे ऋणाग्र. वीज सोडली की ऋणाग्रावर धातू जमा होतो. किती विजेला किती धातू, हा नियम मायकेल फॅरेडे यांनी १८३३-३४च्या सुमारास सांगितला आणि तो आजही तसाच लागू आहे. मग अडचण कोठे आहे?

अडचण पुरवठ्यात आहे. ऋणाग्रावर येणारा धातूचा प्रत्येक आयन द्रावणातून तेथपर्यंत पोहोचावा लागतो. तो तीन मार्गांनी येतो. विद्युत् क्षेत्र त्याला ओढते, हा पहिला मार्ग. वाहता द्रव त्याला बरोबर घेऊन येतो, हे अभिसरण. आणि जेथे पदार्थ दाट आहे तेथून तो विरळ जागेकडे आपोआप पसरतो, हे विसरण.

विसरण किती संथ असते, याची कल्पना घरच्या अनुभवावरून येईल. चहात साखर घातली आणि ढवळायचे राहिले, तर शेवटचा घोट पाकासारखा लागतो. द्रवातील आयनाला केवळ विसरणाने एक मिलिमीटर अंतर कापायला ढोबळमानाने पंधरा मिनिटे लागतात. एक सेंटिमीटरसाठी मात्र दीडशे मिनिटे पुरत नाहीत, हिशेब जवळपास एका दिवसावर जातो. अंतर दहापट झाले की काळ शंभरपट होतो, असा हा नियम आहे. म्हणूनच टाकी ढवळतात, पंप लावतात, तळाशी छिद्रांची नळी टाकून हवा सोडतात.

पण येथेच निसर्ग एक खोच मारून ठेवतो. घरातला छताचा पंखा पाहा. दिवसभर गरगर फिरूनही त्याच्या पात्यांवर धूळ बसलेली असते. कारण पृष्ठभागाला अगदी लागून असलेली हवा पात्याबरोबरच फिरते, पात्याच्या दृष्टीने ती स्थिरच असते. द्रवाचेही तसेच. टाकीत तो कितीही वेगाने फिरवा, पट्टीला चिकटलेला अतिशय पातळ थर जवळजवळ स्तब्ध राहतो. शेवटचा प्रवास आयनाला त्या थरातून मुख्यत्वे विसरणानेच करावा लागतो. वाल्थर नर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ मध्ये या विसरण-थराची कल्पना मांडली. द्रव न ढवळता ठेवला तर हा थर साधारण एकपंचमांश मिलिमीटर जाडीचा असतो. जोरात ढवळला तर मिलिमीटरच्या काही शतांशांपर्यंत उतरतो. म्हणजे आपल्या डोक्याच्या केसाच्या जाडीएवढा, कधी त्याहूनही पातळ.

आषाढी वारीत लाखो माणसे पंढरीच्या वाटेवर असतात. राजमार्गावर दिंड्या झपाझप चालतात. पण विठुरायाचे दर्शन तासाला किती जणांना होणार, हे राजमार्गावर ठरत नाही, ते गाभाऱ्याच्या दाराशी ठरते. संयंत्रातही हेच घडते. हा केसाएवढा थर म्हणजे गाभाऱ्याचे दार.

एक उदाहरण आकड्यांत पाहू. तांब्याच्या एका सौम्य द्रावणात हा थर एकदशांश मिलिमीटरचा असेल, तर एक चौरस मीटर पट्टीवर साधारण १३५ अँपिअरपर्यंतच वीज तांबे बसविण्याच्या कामी येते. थराची जाडी निम्मी केली की ही मर्यादा दुप्पट होते. मर्यादेपलीकडे वीज रेटली, तर ती पाण्याचे विघटन करण्यात खर्ची पडते. हायड्रोजनचे बुडबुडे येतात आणि मुलामा काळा, खरबरीत होतो. कारागीर त्याला 'जॉब जळला' म्हणतात. आग नाही, धूर नाही, तरी जळला! शब्द कारागिरांचा आहे, पण त्यामागे नर्न्स्टचा थर आहे.

पाण्याचा जमाखर्च

आता हा थर सगळीकडे सारखा असता, तर संगणकाची गरजच पडली नसती. तो तसा नसतो. द्रव आत शिरतो त्या तोंडाशी तो पातळ असतो, कोपऱ्यात जाड होतो, बुडबुड्यांमुळे क्षणोक्षणी बदलतो. आणि तो दिसत नाही. मग त्याचा नकाशा काढायचा कसा?

वाहत्या द्रवाच्या गतीचे समीकरण फ्रान्सच्या नाविए यांनी १८२२ मध्ये आणि ब्रिटनच्या स्टोक्स यांनी १८४५ मध्ये अधिक पक्क्या पायावर मांडले. हे समीकरण लिहायला चार ओळी पुरतात. सोडवायला मात्र दोन शतके गणिती झटत आले आहेत. सन २००० मध्ये अमेरिकेतील क्ले गणित संस्थेने त्यातील एका मूलभूत प्रश्नाच्या उत्तराला दहा लाख डॉलरचे पारितोषिक जाहीर केले, यावरून त्याची कठीणता कळावी.

कागदावर न सुटणारे समीकरण संगणक सोडवितो, तो आपल्या घरातल्या गृहिणीच्या पद्धतीने. आश्चर्य वाटेल, पण खरे आहे. टाकीची जागा लक्षावधी लहान लहान घरांत वाटायची. प्रत्येक घराची एक वही ठेवायची. शेजारच्या घरांतून किती द्रव आला, किती गेला. किती आयन आले, किती गेले. पट्टीवर किती जमा झाले. जमा आणि खर्च यांचा मेळ प्रत्येक घरात बसला पाहिजे. लक्षावधी वह्यांचा मेळ एकाच वेळी बसला, की टाकीचे चित्र पूर्ण झाले. रंगीत नकाशा म्हणजे या वह्यांची शेवटची बेरीज, दुसरे काही नाही.

विद्युत्-रासायनिक संयंत्रात हे काम विशेष अवघड होते. संयंत्र मीटरभर उंच, आणि ज्या थरावर सारे अवलंबून तो मिलिमीटरच्या शतांशाचा. दोन्हींत एका लाखाची तफावत. सगळीकडे बारीक घरे केली तर मोठा संगणकही दमतो, मोठी केली तर थर हिशेबातून निसटतो. म्हणून पट्टीजवळ घरे अतिशय बारीक आणि दूर जाताना मोठी करतात. ही आखणी कशी केली, हे चित्र पाहणाऱ्याने पहिल्यांदा विचारायला हवे. मी ते विचारले नव्हते.

पुण्याचा विद्यार्थी

या हिशेबात एक जुनी गाठ होती. द्रवाचा वेग काढण्यासाठी दाब ठाऊक हवा. पण द्रवाच्या दाबाला स्वतःचे असे सरळ समीकरणच नाही. दाब कळल्याशिवाय वेग नाही आणि वेग कळल्याशिवाय दाब नाही. हे कोडे सोडविण्याच्या ज्या पद्धती पुढे आल्या, त्यांतील सर्वाधिक प्रचारात आलेली पद्धत १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे दोन कर्ते होते. एक लंडनच्या इम्पिरियल कॉलेजचे प्राध्यापक ब्रायन स्पॉल्डिंग आणि दुसरे त्यांचे विद्यार्थी सुहास पाटणकर.

पाटणकर हे आपल्या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे १९६२ सालचे पदवीधर. त्यानंतर पवईच्या आयआयटीतून १९६४ मध्ये पदव्युत्तर पदवी, आणि १९६७ मध्ये लंडनमधून डॉक्टरेट. पुढे अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले. १९८० साली आलेले त्यांचे पाठ्यपुस्तक या विषयाच्या अभ्यासकांत जगभर वाचले गेले.

त्यांच्या पद्धतीचे इंग्रजी आद्याक्षरांनी बनलेले नाव 'सिंपल' असे आहे. आणि कल्पनाही नावाप्रमाणेच साधी आहे. दाबाचा आधी अंदाज करायचा. त्या अंदाजाने वेग काढायचा. मग प्रत्येक घरात जमाखर्च तपासायचा. मेळ बसला नाही, तर जेवढी तूट असेल त्या मानाने दाबात दुरुस्ती करायची, आणि पुन्हा वेग काढायचा. आमटीत मीठ घालणारी गृहिणी हेच करते. अंदाजाने घालते, चव घेते, थोडे वाढवते, पुन्हा चव घेते. फरक इतकाच, की संगणक ही चव लाखो घरांत, हजारो वेळा घेतो.

आज जगातील कोणत्याही कारखान्यात द्रवाच्या प्रवाहाचे गणित मांडले जात असेल, तर तेथे 'सिंपल' किंवा तिच्या वंशातील एखादी पद्धत असण्याची शक्यता मोठी आहे. आपल्या घरातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला हे नाव ठाऊक असते. हा माणूस पुण्यात शिकला होता, हे मात्र किती जणांना ठाऊक असते? अभिमान अवश्य बाळगावा. पण अभिमान हा वारसा सांगण्यापुरता. वारसा चालवायचा तर अभ्यास लागतो.

पटलाच्या दोन बाजू

आता एका खऱ्याखुऱ्या मोठ्या संयंत्रात जाऊ. मिठापासून कॉस्टिक सोडा बनविण्याचे हे संयंत्र. साबण, कागद, कापड, अ‍ॅल्युमिनियम या सर्वांच्या मुळाशी हा सोडा आहे. त्याबरोबर निघणारा क्लोरीन आपल्या नळाचे पाणी निर्जंतुक करतो आणि पीव्हीसीच्या पाइपात जाऊन बसतो. पूर्वी या उद्योगात पारा वापरीत. पाऱ्याच्या विषारीपणामुळे आपल्या देशातील कारखान्यांनी ती पद्धत टाकून पटलाची पद्धत स्वीकारली.

पटल म्हणजे विशिष्ट बहुवारिकाचा पातळ पडदा. त्याच्या एका बाजूला मिठाचे संपृक्त द्रावण, दुसऱ्या बाजूला सोडा. पडदा सोडियमला वाट देतो, क्लोराइडला अडवितो. एका बाजूला क्लोरीन, दुसऱ्या बाजूला हायड्रोजन. हे दोन वायू एकत्र आले तर स्फोट होऊ शकतो, म्हणजे तो पडदा किती महत्त्वाचा हे लक्षात येईल. आत तापमान ८५ ते ९० अंश सेल्सिअस. चारी बाजूंनी बंद. झाकण उघडून आत डोकावण्याची सोय नाही.

शास्त्राप्रमाणे या क्रियेला सुमारे २.२ व्होल्ट पुरेसे आहेत. प्रत्यक्षात सुमारे ३ व्होल्ट लागतात. मधला फरक द्रावणाचा, पडद्याचा आणि बुडबुड्यांचा अडथळा ओलांडण्यात जातो. एक टन सोड्याला साधारण २१०० ते २५०० युनिट वीज लागते. व्होल्टमधील केवळ एकदशांशाची बचत म्हणजे टनामागे सुमारे ७० युनिट. दिवसाला ५०० टन सोडा काढणाऱ्या कारखान्यात ही बचत दिवसाला ३५ हजार युनिट होते. कित्येक गावांचा दिवसभराचा वापर याहून कमी असेल.

या संयंत्रातील खरा शत्रू बुडबुडा. क्लोरीनचे बुडबुडे वर चढतात आणि माथ्याशी फेस होऊन साचतात. जेथे वायू साचतो तेथे पडदा पुरेसा भिजत नाही. त्याला फोड येतात, सूक्ष्म छिद्रे पडतात. मिठाचे द्रावण तळाशी एका प्रमाणाचे आणि माथ्याशी दुसऱ्या प्रमाणाचे राहिले, तरीही पडद्याचे आयुष्य घटते. म्हणून संयंत्राच्या आत अशा पट्ट्या बसवितात, की चढत्या बुडबुड्यांच्या जोरावरच द्रावण एका बाजूने वर जाईल, दुसऱ्या बाजूने खाली येईल आणि आपोआप घुसळले जाईल. ही पट्टी किती उंच, कोठे, किती अंतरावर, हे ठरविण्यासाठी दरवेळी संयंत्र तोडून पुन्हा बांधायचे का? येथे संगणक खरा उपयोगी पडतो. शंभर रचना पडद्यावर तपासायच्या, त्यांतील दोन-तीन प्रत्यक्षात बांधायच्या.

अ‍ॅल्युमिनियमच्या भट्टीत तर याहून बिकट स्थिती. तेथे सुमारे ९६० अंश तापमान आणि लक्षावधी अँपिअर वीज. एवढ्या विजेचे चुंबकीय क्षेत्र वितळलेल्या धातूला ढकलते, त्याच्या पृष्ठभागावर लाटा उठवते. लाट उंच गेली तर वरच्या कर्बाच्या अग्राला जाऊन भिडते. वीज आणणाऱ्या जाड पट्ट्या भट्टीभोवती कशा फिरवाव्यात म्हणजे लाटा शमतील, हे आज संगणकावरील गणितानेच ठरवितात.

मोजले कोणी?

इतके सांगितल्यावर आपल्याला वाटेल, संगणकाने सारे सोपे केले. आता त्या पोस्टकार्डाकडे परत येऊ.

लुईस रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने हवामानाचे गणित हाताने करून पाहिले आणि ते १९२२ साली प्रसिद्ध केले. वातावरणाचे असेच चौकोन पाडले, प्रत्येकाचा जमाखर्च मांडला. १९१० सालातील एका दिवसाचे हवामान त्याने तपासायला घेतले होते. उत्तर आले, की सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबारने बदलेल. प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळजवळ बदललाच नव्हता. रिचर्डसनची पद्धत चुकीची नव्हती. हाती आलेल्या सुरुवातीच्या नोंदींत मेळ नव्हता. त्याचा मोठेपणा असा, की त्याने हे अपयश लपविले नाही, स्वतःच्या ग्रंथात छापले. आजचे हवामानशास्त्र त्या प्रामाणिक अपयशाच्या पायावर उभे आहे.

विद्युत्-रासायनिक क्षेत्रातही असाच एक बोलका अनुभव आहे. 'एफएम०१-एलसी' नावाचे एक छोटे प्रयोगशालेय संयंत्र आहे. त्यातील पट्टी अवघी ४ सेंटिमीटर रुंद आणि १६ सेंटिमीटर लांब. अनेक देशांतील संशोधकांनी ते अभ्यासले आहे. दोन समांतर पट्ट्यांमधून द्रव सरळ, शिस्तीत वाहतो असे धरून गणित केले, की उत्तर छान येते. पण मोजमाप वेगळे सांगते. कारण द्रव आत शिरतो तो अरुंद वाटांनी, धारा होऊन. त्या धारा आत भोवरे निर्माण करतात, आणि एवढ्या छोट्या संयंत्रात द्रवाला शिस्त लागण्याआधीच बाहेर पडायची वेळ येते. प्रवेशाच्या वाटा गणितात घेतल्या तेव्हाच चित्र आणि मोजमाप जवळ आले.

आता प्रश्न असा, की केसाएवढ्या थरात मोजायचे तरी कसे? शास्त्रज्ञांनी त्यावर सुंदर उपाय काढला आहे. पट्टीतच टाचणीच्या टोकाएवढी लहान अग्रे बसवायची आणि प्रत्येकातून किती वीज जाते ते वेगवेगळे मोजायचे. जेथे थर पातळ, तेथे वीज जास्त. जेथे थर जाड, तेथे कमी. दिसत नसलेला थर असा विजेच्या भाषेत आपली जाडी सांगतो. द्रव कोठे रेंगाळतो हे पाहण्यासाठी रंग सोडून तो दुसऱ्या टोकाला कधी पोहोचतो याची नोंद घेतात. रंगीत नकाशापुढे ही कामे किरकोळ वाटतात. पण नकाशाला सत्याचा आधार याच कामांतून मिळतो.

पोस्टकार्ड खिशात घेऊन मी त्या कारखान्यात पुन्हा गेलो. मालकांच्या मुलाला विचारले, 'मोजलेस का?' तो प्रामाणिक होता. म्हणाला, 'नाही. आता मोजू या.' टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत टांगलेले जॉब काढून त्याने एकेकाच्या मुलाम्याची जाडी आणि पोत तपासला. संगणकाच्या चित्रात टाकीची दोन्ही टोके सारखी होती. प्रत्यक्षात एका टोकाचे जॉब खरबरीत होते, कडांना काळसर झाक होती.

दोन दिवस डोके खाजविले. कारण सापडले ते टाकीजवळ तीस वर्षे काम करणाऱ्या एका कारागीर काकांना. ते शांतपणे म्हणाले, 'अरे, त्या बाजूला हवेच्या नळीची भोके बुजली आहेत. बुडबुडे येत नाहीत, ते दिसत नाही का?' नळी काढली. खरोखरच अर्धी छिद्रे साक्याने बंद होती. संगणकाला सांगितले होते, की सगळी छिद्रे उघडी आहेत. त्याने विश्वास ठेवला. संगणक विश्वासू असतो. शहाणा असेलच असे नाही.

पण गोष्ट येथे संपत नाही. मुलाने बंद छिद्रे हिशेबात घेऊन गणित पुन्हा केले. आता चित्रात तेच टोक फिके दिसू लागले, जेथे जॉब जळत होते. मग त्याने आणखी एक प्रश्न विचारला, जो काकांनाही सुचला नव्हता. छिद्रे साफ केली, तरी ती पुन्हा बुजणारच. तर नळीची रचना अशी करता येईल का, की काही छिद्रे बुजली तरी द्रावण फिरत राहील? याचे उत्तर संगणकाने काढून दिले, आणि यावेळी ते मोजून पडताळले गेले. काकांचा डोळा, मुलाचे गणित आणि शिक्षकांचा प्रश्न, या तिघांपैकी एकही नसता तर टाकी सुधारली नसती. माझ्या पहिल्या लेखात या तिघांपैकी केवळ एकच होता. दुसरा लेख मी लिहिला, तो लहान होता. त्यात चूक कबूल केली होती.

पुढील काळाचे संयंत्र

बंधुभगिनींनो, ही एका छोट्या टाकीची गोष्ट झाली. पण हाच प्रश्न आता राष्ट्राच्या पातळीवर उभा आहे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला मान्यता दिली. तरतूद १९,७४४ कोटी रुपयांची. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजन निर्मितीची क्षमता, हे उद्दिष्ट. हा हायड्रोजन पाण्याच्या विद्युत् अपघटनाने, म्हणजे विद्युत्-रासायनिक संयंत्रातच निघणार. एक किलो हायड्रोजनला साधारण ५० युनिट वीज धरली, तर ५० लाख टनांना वर्षाला २५,००० कोटी युनिट लागतील. त्यात केवळ एक टक्का बचत झाली, तर ती २५० कोटी युनिटांची होते. आणि ही टक्क्याची लढाई पुन्हा त्याच ठिकाणी लढली जाणार आहे. बुडबुडा अग्रावरून लवकर सुटतो की चिकटून बसतो, द्रावण सर्व घरांत सारखे पोहोचते की नाही, केसाएवढ्या थरात काय चालले आहे, तेथे.

त्यात सूर्याच्या विजेचा स्वभाव आणखी एक प्रश्न टाकतो. ढग आला की वीज घटते. वीज घटली की ऑक्सिजन कमी तयार होतो. पण पडद्यातून पाझरणारा हायड्रोजन तेवढ्या प्रमाणात घटत नाही. ऑक्सिजनमध्ये हायड्रोजनचे प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास गेले, की मिश्रण स्फोटक होऊ लागते. म्हणजे ढगाची सावली पडल्यावर संयंत्रात मिनिटामिनिटाला काय घडते, याचे गणित हवे. तेथे चित्र चुकले तर केवळ जॉब जळत नाही.

या कामासाठी आपल्याजवळ काय आहे? तमिळनाडूत कारैकुडी येथे केंद्रीय विद्युत्-रासायनिक संशोधन संस्था आहे. १९४८ मध्ये तिची पायाभरणी झाली, तेव्हा डॉ. अळगप्पा चेट्टियार या दानशूर गृहस्थांनी तिच्यासाठी ३०० एकर जमीन आणि १५ लाख रुपये दिले होते. स्वतंत्र भारताला अशी संस्था हवी, हे एका व्यापाऱ्याला त्या काळी उमगले होते. प्रवाहाच्या गणिताची महागडी परदेशी आज्ञावली घेणे प्रत्येक महाविद्यालयाला परवडत नाही. पण २००४ पासून 'ओपनफोम' ही आज्ञावली तिच्या संपूर्ण अंतर्रचनेसह सर्वांना विनामूल्य खुली आहे, आणि मुंबईच्या आयआयटीचा 'फॉसी' प्रकल्प विद्यार्थ्यांना तिच्याकडे वळविण्याचे काम करीत आला आहे. म्हणजे साधने नाहीत, ही सबब आता चालणार नाही.

उणीव आहे ती मोजणाऱ्या हातांची. आज आपल्या मुलांना पडद्यावर चित्र काढण्याची हौस आहे, त्यात गैर काही नाही. पण नळी उघडून पाहण्याची, रंग सोडून घड्याळ लावण्याची, वहीत नोंद ठेवण्याची सवय मागे पडत चालली आहे. प्रयोगशाळेतील हात काळे करणारे काम दुय्यम, आणि संगणकासमोर बसणे श्रेष्ठ, असा एक समज आपल्या मध्यमवर्गीय घरांत रुजला आहे. तो समज आपणच, आई-वडिलांनी, रुजवला आहे. आणि आम्ही पत्रकारांनी त्याला खतपाणी घातले आहे.

म्हणून आजच्या दिवशी मी दोनच विनंत्या करतो. आपल्या घरातील मुलगा किंवा मुलगी एखादे सुंदर रंगीत चित्र दाखवील, तेव्हा कौतुक जरूर करा. मायेने एक प्रश्नही विचारा, 'बाळ, हे मोजले कोणी?' आणि ज्यांचे हात तीस-तीस वर्षे टाकीजवळ राबले आहेत, त्या काकांजवळ त्याला चार दिवस बसवा.

ते शिक्षक आज हयात नाहीत. त्यांचे पोस्टकार्ड मात्र माझ्या मेजाच्या काचेखाली अजून आहे. शाई फिकी झाली आहे, प्रश्न फिका झालेला नाही.